शिडीची तिसरी पायरी

४ फेब्रुवारी

मास्तर,

आशीर्वाद पाठवतो. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

फोनवर मी शब्द फिरवतो, म्हणून जे काही सांगायचं असेल ते तारीख घालून कागदावर लिहून द्यायचं, असा नियम तू चार वर्षांपूर्वी केलास आणि फोन ठेवलास. त्याप्रमाणे वर तारीख घातली आहे. शेजारच्या घड्याळवाल्याला विचारून घातली, म्हणजे बरोबर असणार. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस, मजकूर बघ. मजकूरही फार बारकाईनं बघू नकोस.

आधी चांगली बातमी. तुझी लेक, आपली तुरतुरी, माझ्याकडे आली आहे आणि दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते आहे.

आता दुसरी. तिचा पाय मोडला आहे. घाबरू नकोस. मी घाबरलो आहे, एका घरात एक पुरे. उजवा पाय, गुडघ्याखाली, नडगीचं हाड. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. मोडला तोच पाय प्लास्टरमध्ये आहे ना, हे मी त्यांना तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी म्हटलं, नाही बसत. तरी बसवलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. चालायला लागल्यापासून जिला आपण तुरतुरी म्हणत आलो, ती खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलेली बघवत नाही.

पाय लष्कराच्या ट्रेनिंगमध्ये मोडला. ऑफिसर व्हायचं म्हणजे असं व्हायचंच. तिथल्या साहेबांनी सांगितलं, घरी जा, बरी हो. तुझ्या घरी न जाता ती माझ्याकडे का आली, असं तू विचारशील. माझं घर स्टँडपासून जवळ आहे आणि तुझं दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढंच कारण आहे. दुसरं कुठलंही कारण नाही. अकादमीत फोन करून चौकशी करू नकोस, ती माणसं कामात असतात. तिलाही करू नकोस, तिचा फोन त्याच पडण्यात फुटला.

सूनबाईंना सांग, काळजी करू नका. ती मी करतो आहे.

अण्णा


१३ फेब्रुवारी

मास्तर,

तुझं पत्र आलं. दीड पान! पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मला आधी वाटलं, कोणीतरी गेलं. दुकान अर्धा तास बंद ठेवून वाचलं. तू प्रश्नांना नंबर घातलेस ते बरं केलंस, तशीच उत्तरं देतो.

पहिला. अडथळा कोणता होता? लाकडी होता. उभा. दहा फूट असेल. चढायला आडव्या पायऱ्या आणि वर फळ्यांचा माळा.

दुसरा. किती उंचीवरून पडली? तिसऱ्या पायरीवरून. तू म्हणशील, तिसरी पायरी म्हणजे जेमतेम तीन फूट, त्यात ऑफिसर होणाऱ्या पोरीचं हाड मोडतं कसं? खाली ऐरण होती. जोडे ठोकायची असते ना, तसली लोखंडी. लष्कराच्या मैदानावर जोडे ठोकायची ऐरण कशाला, ते मला विचारू नकोस. लष्कर सगळंच काही आपल्याला सांगत नाही.

तिसरा. फोन तर पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, मग तो तिच्याबरोबर पडला कसा? हे मला माहीत नव्हतं. म्हणजे जमा करतात हे माहीत नव्हतं. पुढचा प्रश्न घेतो.

चौथा वाचून मी आधी पाणी प्यायलो. ज्या हलगर्जी माणसाच्या ताब्यात तो अडथळा होता त्याचं नाव आणि हुद्दा कळवा, मी वरपर्यंत जाईन, त्याला घरी बसवीन, असं तू लिहितोस. मास्तर, जाऊ दे. तो माणूस म्हातारा आहे. घरीच बसलेला असतो. त्यानं मुद्दाम केलं नाही. पायरी हलते हे त्याला माहीत होतं, त्यानं ती स्वतःच्या हातानं दुरुस्तही केली होती, आता दुरुस्ती टिकली नाही त्याला तो काय करणार? पोरगी पडली तेव्हा तो किती रडला हे तू बघितलं नाहीस. मीही बघितलं नाही, मला सांगितलं. त्याला एकच मुलगा आहे आणि तो त्याच्याशी बोलत नाही. अशा माणसावर तू तक्रार करणार?

पाचवा. तिची तब्येत. तब्येत इतकी चांगली आहे की माझी बिघडली आहे. मागच्या खोलीत एकटीला करमेना, म्हणून घड्याळवाल्यानं आणि मी खाट उचलून पुढे दुकानात आणली. दुकान तुला माहीत आहे, आठ बाय दहा. आता त्यात खाट, खाटेवर ती, कोपऱ्यात कुबड्या, आणि उरलेल्या जागेत मी. पहिल्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, बुटाची टाच सुटलेली. विचारलं, "कधी देणार?" मी चाळीस वर्षं सांगतो तेच सांगितलं, "उद्या."

खाटेवरून आवाज आला, "उद्या किती वाजता, आजोबा?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळ किती वाजता असते?"

"पाच समज."

"समज नाही. पाच म्हणजे पाच. काका, पाचला या. सव्वापाचला आलात तर रांगेच्या शेवटी जावं लागेल."

"रांग कुठाय?" त्यानं विचारलं.

"उद्या असेल."

आणि होती, मास्तर! तो बिचारा पाचला दहा कमी असताना येऊन ताठ उभा राहिला, त्याला बघून मागे आणखी दोघं उभे राहिले. एकाच्या पायात तर काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतंच. माझ्यावर मात्र पाचचं ओझं आलं. घड्याळवाल्याच्या दुकानातली सगळी घड्याळं तिनं एका वेळेवर लावून घेतली. तो म्हणतो, "अण्णा, इतक्या वर्षांत आज मला पहिल्यांदा कळलं किती वाजले ते."

प्लास्टरच्या आत तिला खाज येते. मी स्वेटरची सुई दिली. डॉक्टर रागावले. मग सुई काढून घेतली. ती रागावली. आता मी दोघांपासून लांब बसतो, म्हणजे दोन फुटांवर.

तुझी पत्रं मी सुरक्षित ठिकाणी ठेवतो. तिला दाखवत नाही, तिला विश्रांतीची गरज आहे.

अण्णा


२४ फेब्रुवारी

मास्तर,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. पहिल्या तीन कागदांचे मी बुटांत भरायला गोळे केले.

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंना कळलं, पी.टी. शिकवणाऱ्या आपल्या मास्तरांची मुलगी देशासाठी ट्रेनिंग घेताना जखमी झाली. त्यांनी ठरवलं, वीस मार्चला मैदानावर कार्यक्रम करायचा. तुझी मुलं कवायत करणार, बँड वाजणार, तुरतुरीला चाकाच्या खुर्चीतून आणून मधोमध बसवणार आणि ती चार शब्द बोलणार. हे सगळं वाचून मी घामाघूम झालो. एवढा खर्च कशाला, एवढा गाजावाजा कशाला? तिला गर्दी आवडत नाही. चाकाच्या खुर्च्यांचं काही खरं नसतं, उतारावर सुटतात. मैदान सपाट आहे का?

आणि शेवटी तू लिहिलंस, "अण्णा, तुम्हीही या. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. या वेळी निदान काही चिकटवून आणू नका."

हे वाक्य मी घड्याळवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "यात रडण्यासारखं काय आहे?" त्याला काय सांगणार.

अठ्ठावीस वर्षं झाली, तू तो विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. आता तूच काढलास तर लिहितो. तुझे पाय सपाट होते. माझ्यासारखेच, हे खरं आहे, पण मी ते मुद्दाम दिले नव्हते. लष्कराच्या भरतीत सपाट पायाचं पोर घेत नाहीत, हे तुला कळलं आणि तू दोन दिवस जेवला नाहीस. माझ्याच्यानं ते बघवेना. बापानं काय करायचं? ज्याला जे येतं ते. मी चांगलं चामडं घेतलं, रापीनं कापून त्याच्या दोन छोट्या कमानी केल्या आणि तुला न सांगता तुझ्या कॅनव्हासच्या बुटांत आतून बसवल्या, चामडं चिकटवायचं सोल्यूशन लावून. मला वाटलं, पायाला कमान मिळाली की झालं. तिथं बूट काढायला लावतात हे मला कोण सांगणार? सोल्यूशन ओलं होतं. तू बूट काढलेस आणि कमानी तळपायाला चिकटून बाहेर आल्या. डॉक्टरांनी ओढल्या, निघाल्या नाहीत. सगळी रांग हसली. तू तशाच पायांनी घरी आलास, दारात बसलास, गरम पाण्यात पाय घालून त्या सोडवल्यास आणि एक शब्द बोलला नाहीस. मग दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. लग्न केलंस तेव्हा मला बोलावलंस, पण नमस्कार करताना माझ्या हाताकडे बघत होतास, हातात काही आहे का म्हणून.

तर आता तू खुर्ची ठेवतोस. पहिल्या रांगेत. मी येतो म्हणून कळवावं, असं फार वाटतं.

पुढचं पुढच्या पत्रात लिहितो. आत्ता शाई संपत आली आहे. म्हणजे संपलेली नाही, पण संपेल.

अण्णा


७ मार्च

मास्तर,

बसून वाच.

तुझी पत्रं सुरक्षित ठिकाणी ठेवतो असं मी लिहिलं होतं. ते ठिकाण म्हणजे माळ्याखालच्या फळीवरचा एक काळा बूट. माणसं जोडे दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, ते मी सगळे जपून ठेवतो, तुला माहीत आहे. हा जोड अकरा वर्षं पडून होता. अकरा वर्षं जो माणूस आला नाही तो आता येणार नाही, असा माझा हिशोब.

काल तो आला. निवृत्त पोस्टमन. म्हणाला, "इथं बाईंनी वेळेवर काम सुरू केलंय असं ऐकलं, म्हणून म्हटलं बघावं." मी खिळे तोंडात धरून टाच ठोकत होतो, मला बोलता येईना. तुरतुरीनं कुबडीनं फळीवरचा जोड खाली घेतला आणि त्याला दिला. त्यानं पाय घातला आणि म्हणाला, "आत काहीतरी आहे." हात घालून पत्रं काढली, सवयीनं पत्ता वाचला आणि खूश होऊन म्हणाला, "बरोबर पोचलंय हे, तुमचंच आहे." आणि जवळ कोण होतं? ती. तिच्या हातात दिली.

"आजोबा, बाबा तुम्हाला पत्रं लिहितात?"

मी मान हलवली. तोंडात खिळे.

तिनं पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. मग पहिलं पुन्हा वाचलं. पोस्टमन उभाच होता. त्याला म्हणाली, "काका, तुमचं काम झालं, जा." तो गेला. घड्याळवाला दारात आला होता, त्यालाही एका नजरेनं परत पाठवला.

"खिळे काढा तोंडातले."

मी काढले. सहा होते.

"तोंडात सहा आहेत. शिडीला लावायला एक नव्हता?"

मास्तर, आता तुला कळलं असेल. तरी क्रमानं लिहितो, म्हणजे मी शब्द फिरवला असं होणार नाही.

तुरतुरीनं एकोणतीस जानेवारीला अकादमी सोडली. आपणहून सोडली. तिला कोणी काढलं नाही, ती पडली नाही, आजारी नव्हती. तिथल्या मोठ्या साहेबांनी तीनदा विचारलं, नक्की का? तिनं तीनदा सांगितलं, नक्की. कागदावर सही केली, फोन परत घेतला आणि एकतीस तारखेला दुपारी माझ्या दारात उभी राहिली. दोन्ही पाय धडधाकट, खांद्यावर बॅग. म्हणाली, "आजोबा, दोन दिवस राहू द्या. बाबांना कसं सांगायचं ते जुळवते आणि जाते."

मी घाबरलो. तू अचानक आलास तर? अठ्ठावीस वर्षांत तू एकदाही या घरी अचानक आला नाहीस, पण घाबरणाऱ्याला एवढा विचार सुचत नाही. मी म्हटलं, "तू माळ्यावर राहा. तुझ्या बापाला आधी मी नरम करतो." ती हसली. म्हणाली, "तुम्ही? बाबांना?" तरी माझं मन राखायला शिडी चढली. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी. तिसरी पायरी मी आळशी माणसासारखी सोल्यूशन लावून चिकटवली होती, कारण मोठा खिळा सापडला नाही आणि बाजारात जायचा कंटाळा केला. पायरी सुटली. ती खाली आली, बॅग तिच्यावर आली, पाय ऐरणीवर आला. आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. सोल्यूशन तुझ्या पायाला नको होतं तेव्हा सुटलं नाही, आणि तिच्या पायाखाली हवं होतं तेव्हा टिकलं नाही.

दवाखान्यात ती गुंगीत होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. (डॉक्टरांनी बसवलं होतं.) तिथं मला वाटलं, पाय तर मोडलाच आहे, तो जरा आधी मोडला असं म्हटलं तर कोणाचं काय जातं? पोरीला बोलणी बसणार नाहीत. तुला मान खाली घालावी लागणार नाही. आणि मला, खरं लिहितो, मला तुला पत्र लिहायला कारण मिळेल. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा यात एवढासाही दोष नाही.

काल ती मला काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "मी सोडून आलेय, आजोबा. पडून आलेली नाही. सांगायची हिंमत गोळा करत होते, तुम्ही माझ्या आधी पोस्टात गेलात. आता मी खरं सांगितलं तरी बाबांना वाटणार, आधी खोटं बोलली."

मी म्हटलं, "पण का सोडलंस, बाळा? जमत नव्हतं?"

"सगळं जमत होतं. पळण्यात तिसरी होते. रोज पळताना वाटायचं, बाबा कुठंतरी उभे राहून बघतायत. एक दिवस ठरवलं, आज कोणी बघत नाही असं समजून पळायचं. आणि मला पाय उचलावासाच वाटेना. मला ते नकोच होतं, आजोबा. मला फक्त बाबांना ते हवंय हे माहीत होतं."

मी तिला चहा करून दिला, साखर विसरलो.

मग तिनं हुकूम दिला. मी आज खरं पत्र टाकलं नाही तर शुक्रवारी ती कुबड्या घेऊन बसनं तुझ्याकडे निघणार. प्लास्टर अजून निघायचं आहे, बसची पायरी केवढी उंच असते, कंडक्टर घाई करतो, हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "पायरीची काळजी तुम्ही करावी?"

म्हणून हे पत्र. ज्या हलगर्जी माणसाचं नाव आणि हुद्दा तू मागितला होतास, तो खाली लिहितो आहे.

अण्णा,
जोडे दुरुस्त करणारा, तुझा बाप

खुर्ची ठेवू नकोस.


१६ मार्च

मास्तर,

नऊ दिवस झाले. पत्र पोचलं का? त्या पोस्टमनला मी विचारलं, तो म्हणाला तीन दिवसांत पोचतं, पण तो निवृत्त आहे, त्याचा काळ वेगळा. पोचलं असेल आणि राग आला असेल तर नुसतं "राग आला आहे" एवढं लिही. चार ओळी लिहिल्यास तरी चालेल. शिव्या दिल्यास तरी चालेल, घड्याळवाल्याला वाचून दाखवणार नाही.

काल प्लास्टर निघालं. आतला पाय बघून मी खाली बसलो. काठीसारखा बारीक, सालं निघालेली. मी डॉक्टरांना म्हटलं, "हा तिचाच आहे ना?" या वेळी त्यांनी मला आपणहून खुर्ची दिली आणि पाणीही दिलं. हाड छान जुळलंय म्हणाले. पण गुडघा आखडलाय, रोज तीनदा व्यायाम, आणि दुखला तरी थांबायचं नाही. तिला दुखतं. ती खाटेची पट्टी धरते ते मला दिसतं. मी म्हणतो, "राहू दे आता, दहा झाले." ती म्हणते, "सात झाले." मी मुद्दाम चुकीचं मोजतो हे तिनं ओळखलंय. आता मला मोजू देत नाही. नीट मोजणारं माणूस पाहिजे.

एवढं लिहिलं आणि सूनबाईंचा फोन घड्याळवाल्याच्या दुकानी आला. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं म्हणे! तुरतुरीनं पडल्याच्या तिसऱ्याच दिवशी घड्याळवाल्याच्या फोनवरून आईला सांगितलं होतं. म्हणजे मी महिनाभर ज्या खोट्याला टेकू देत होतो ते फक्त तुझ्यापुरतं आणि माझ्यापुरतं होतं. "मग मास्तरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहीत होतात, अण्णा. मी कशाला मधे येऊ?"

त्यांनी हेही सांगितलं की तू पत्र वाचलंस, मोठ्या बाईंकडे जाऊन कार्यक्रम रद्द करवलास आणि मग चुन्याची बादली घेऊन मैदानावर गेलास. शर्यती नव्हत्या, काही नव्हतं, तरी सगळं मैदान आखून काढलंस. आठ पट्टे. घरी आलास तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. तिच्यावर धरू नकोस. तिचं पाऊल अजून नीट टेकत नाही आणि ती रोज पाच वाजता दाराकडे बघते. गिऱ्हाईक येतं म्हणून, असं म्हणते.

अण्णा


२२ मार्च

मास्तर,

तू परवा आलास, राहिलास, काल गेलास. समोर असताना जे बोलता आलं नाही ते आता कागदावर देतो. नियम तुझाच आहे.

वीस तारखेला, ज्या दिवशी कार्यक्रम होता त्या दिवशी, तू पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी घालून दारात उभा राहिलास तेव्हा मला वाटलं कार्यक्रम इथंच करतोस की काय. तू मला पहिलं वाक्य काय बोललास? "शिडी कुठाय?" बास. नमस्कार नाही, चौकशी नाही. मी शिडी दाखवली. तू पिशवीतून हातोडी काढलीस आणि चार इंची खिळे काढलेस. एवढ्या लांबून प्रवास करताना बरोबर खिळे आणलेस! तिसरी पायरी ठोकलीस, मग पहिली, दुसरी आणि उरलेल्या सगळ्या, धडधाकट होत्या त्यासुद्धा. स्वतः चढून उतरून बघितलंस. मग मला म्हणालास, "तुम्ही जरा मागच्या खोलीत बसा. आणि ऐकू नका."

मी म्हटलं, नाही ऐकत. मास्तर, ऐकलं. भिंत फळीची आहे, मी काय करू?

तू विचारलंस, "पळण्यात कितवी होतीस?"

"तिसरी."

"मुलांना धरून?"

"मुलांना धरून."

मी फळीला कान लावला. लावला होताच, आणखी लावला.

"तिसरी होतीस आणि सोडलंस."

"हो, बाबा."

"काढलं नाही तुला."

"नाही. ते तर म्हणत होते, थांब."

"थांब म्हणत होते!" तू एवढ्या मोठ्यानं म्हणालास की घड्याळवाला दारात आला. मग तुझा आवाज खाली आला. "मला थांब कोणी म्हटलं नव्हतं गं. मला हसून घालवलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, तिथून परत येणं म्हणजे तसंच येणं. आपणहून दार उघडून बाहेर येता येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

"रागावलात?"

"रागावलोय. राग राहीलही थोडे दिवस. मोठ्या बाईंना काय सांगितलं विचार."

"काय सांगितलंत?"

"खरं. आधी वाटलं नव्हतं जमेल. म्हटलं, माझी मुलगी ट्रेनिंगमध्ये जखमी झाली नाही, माझे वडील सुतार नाहीत."

आणि तुम्ही दोघं हसलात. मी फळीच्या अलीकडे बसून हसलो, तोंडात उपरणं धरून. माझ्यावर हसलात, पण एकत्र हसलात, मला चालतं.

मग तू शिट्टी वाजवलीस आणि तिचा व्यायाम घेतलास. "गुडघा वर, एक! धर! खाली, दोन!" बाहेर रांगेतली माणसंही गुडघे उचलू लागली होती असं घड्याळवाला सांगतो. दहा म्हणजे दहा मोजलेस. ती रडली, तरी तू थांबला नाहीस, आणि शेवटी स्वतःच तिच्याहून जास्त रडलास. मग ती म्हणाली, तिला सहा महिने इथंच राहायचंय, पाय सुधारेपर्यंत माझं काम शिकायचंय, पुढचं पुढे बघू. मला वाटलं आता भडकशील. तू फक्त विचारलंस, "ते आहेत तसे म्हातारे, त्यांच्याजवळ राहशील?" ती म्हणाली, "वेळेवर काम करायला लागलेत आता."

आता खरं लिहायचं ते.

दुपारी जेवून तू मागच्या खोलीत आडवा झालास. तुझे बूट दारात होते. गेल्या अठ्ठावीस वर्षांत तू माझ्याकडे एक जोडही दुरुस्तीला आणला नाहीस. धंद्याच्या सवयीनं मी एक उचलला, टाच बघावी म्हणून. आत बोट घातलं.

आत कमान होती.

मास्तर, माझ्या रापीचा काप मी कुठंही ओळखेन. काळी पडलेली, घासून पापडासारखी पातळ झालेली, कडेला तूच दोऱ्यानं धरून ठेवलेली, पण तीच. दुसऱ्या बुटातही तीच. मी तिथंच दारात बसलो. एवढ्या वर्षांत किती जोड झाले असतील तुझे? प्रत्येक वेळी जुन्यातून काढून नव्यात घातल्यास. दिवसभर मैदानावर उभं राहायचं म्हणजे सपाट पाय दुखतात, आणि त्यांनी बरं वाटतं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. सांगणार नाहीस हेही बरोबर आहे.

तुरतुरीनं सगळं बघितलं. चामड्याचा चांगला तुकडा आणि रापी पुढे सरकवली. तू दीड तास झोपलास. तेवढ्यात नव्या दोन केल्या आणि तुझ्या बुटांत बसवल्या. डावी मी केली, उजवी तिनं. उजवी जास्त चांगली झाली आहे, पण तिला कळवू नकोस.

काल तू निघालास तेव्हा मी दारातून बघत होतो. चार पावलं गेलास आणि थांबलास. एकदा खाली बुटांकडे बघितलंस. मला वाटलं, वळतोस आणि ओरडतोस. तू वळला नाहीस. दोन्ही टाचा उचलून एकदा दाबून बघितलंस आणि चालू लागलास, आणि तुझी चाल कोपऱ्यापर्यंत मी बघितली. बरी होती.

जुन्या दोन माझ्याकडे आहेत. त्या परत मागू नकोस.

सोल्यूशन लावलेलं नाही, घाबरू नकोस. शिवल्या आहेत, मेण लावलेल्या दोऱ्यानं, दुहेरी. तरी सहा महिन्यांत झिजतील. झिजल्या की बूट घेऊन ये. येतो म्हणून पत्रानं कळवायची गरज नाही. फक्त पाचच्या आधी ये, नाहीतर ती तुलाही रांगेच्या शेवटी उभा करेल.

अण्णा